टाके काढण्याची तारीख

'बॉर्डरलाइन' हा शब्द मराठी घरांत शिरला तो रक्तातील साखरेच्या रिपोर्टमधून. साखर बॉर्डरलाइनला आहे म्हणजे आजार अजून लागलेला नाही, भात-बटाटा कमी करा आणि संध्याकाळी चालायला जा, असा त्याचा अर्थ आपण ठरवून टाकला आहे. शाळेत एखाद्या मुलाचा बुद्ध्यांक बॉर्डरलाइन निघाला, तरी मनात 'काठावर पास' हीच कल्पना असते. त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञ एखाद्या मुलीच्या वडिलांना 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर' हे निदान सांगतात, तेव्हा वडिलांना पहिल्या क्षणी हायसेच वाटते. दोष त्यांचा नाही, नावाचा आहे. ॲडॉल्फ स्टर्न या न्यूयॉर्कमधील मनोविश्लेषकाने १९३८ साली हे नाव वापरले, ते न्यूरोसिस (वास्तवाचे भान शाबूत असलेले मनोविकार) आणि सायकोसिस (ते भान सुटलेले) या त्या काळच्या दोन खणांपैकी कुठल्याच खणात न मावणाऱ्या रुग्णांसाठी. १९८० मध्ये डीएसएम-३ या अमेरिकी वर्गीकरणात त्याला अधिकृत जागा मिळाली. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात जागतिक आरोग्य संघटनेने व्यक्तिमत्त्व विकारांचे जुने प्रकार मोडीत काढले, पण 'बॉर्डरलाइन' हे विशेषण तेवढे शिल्लक ठेवले. मराठीत 'सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार' असा प्रतिशब्द वापरला जातो. तो वाचला की मला बेळगाव-निपाणी आठवते, रुग्ण आठवत नाही.

आजार मात्र काठावरचा मुळीच नाही. भावना क्षणात उसळतात आणि ओसरायला फार वेळ घेतात. जवळचे माणूस आपल्याला टाकून जाईल या धास्तीने जीव कासावीस होतो. काल ज्याला देव मानले तोच आज वैरी वाटतो. आपण नेमके कोण आहोत याचा थांग लागत नाही, आत एक पोकळी कायम राहते, आणि हे सारे असह्य झाले की हात स्वतःवरच उठतो. डीएसएमच्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच असतील तर हे निदान होते. रुग्णालयांत या निदानाच्या स्त्रिया जास्त दिसतात, म्हणून हा 'बायकांचा आजार' असा समज वैद्यकीय वर्तुळातही आहे. अमेरिकेत सर्वसामान्य लोकांमध्ये झालेल्या एका मोठ्या पाहणीत मात्र स्त्री-पुरुषांचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले. तेच दुखणे घेऊन पुरुष बहुधा दारूच्या वॉर्डात किंवा पोलीस ठाण्यात पोहोचत असावेत.

या आजाराविषयी सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की तो मोठ्या प्रमाणावर निवळतो. बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयातील मेरी झॅनारिनी यांनी १९९२ पासून अशा २९० रुग्णांचा दर दोन वर्षांनी माग ठेवला. हे सगळे रुग्णालयात दाखल झालेले, म्हणजे गंभीर अवस्थेतले रुग्ण होते. दहा वर्षांत त्यांच्यापैकी ९३ टक्के लोकांची लक्षणे सलग किमान दोन वर्षे निदानाच्या पातळीखाली राहिली. मात्र नोकरी, नाती आणि रोजचा दिवस यांची घडी नीट बसणे सुमारे निम्म्यांनाच जमले. चोवीस वर्षांनंतरची दुसरी नोंदही डोळ्यांआड करता येत नाही: त्यांच्यापैकी सुमारे सहा टक्के लोकांनी आत्महत्या केली होती. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की रुग्णालयाचे काम आपोआप स्पष्ट होते. आजार कालांतराने बहुतेकांना सोडतो. तोवर माणूस जिवंत राहिला पाहिजे आणि त्याचे आयुष्य अगदी मोडून पडता कामा नये. आपली रुग्णालये या कामासाठी उभारलेली नाहीत, आणि त्याचे कारण पैशाच्या तुटवड्याइतकेच रचनेत व सवयीत आहे, असे माझे म्हणणे आहे.

राज्यातील एका मोठ्या सरकारी रुग्णालयात मी बरीच वर्षे समाजसेवा अधीक्षक होतो. वैद्यकीय समाजसेवकाला आपल्याकडे हे भारदस्त पदनाम आहे. अधीक्षण करावे असे हाताखाली कोणी नसते. आमच्याकडे एक तरुणी वर्षभरात तीनदा अपघात विभागात आली. पहिल्या वेळी सगळे हळहळले. दुसऱ्या वेळी आईला चार गोष्टी सुनावल्या गेल्या. तिसऱ्या वेळी ड्रेसिंग रूममधून आवाज आला, 'आली का आपली गिऱ्हाईक परत?' आणि आम्ही सगळे हसलो, मीही हसलो. त्याच रात्री महामार्गावरच्या अपघातातले चार जखमी आले होते, निवासी डॉक्टर आदल्या सकाळपासून ड्यूटीवर होता, आणि 'ज्याला जगायचे आहे त्याला आधी बघू' हे वाक्य अशा वेळी क्रूर वाटत नाही, व्यवहाराचे वाटते. तिला टाके घातले, इंजेक्शन दिले, एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची, नोंद झाली, हवालदाराने जबाब घेतला. 'काच लागली' असे आईने सांगितले आणि तसेच लिहिले गेले. केसपेपरवर कोणीतरी इंग्रजीत 'अटेन्शन सीकिंग' असा शेरा मारला. पहाटे त्यांनी सही करून डामा घेतला, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी गेल्या. त्यांना थांबवावे असे कोणाला वाटले नाही.

त्या शेऱ्यावर थोडे थांबले पाहिजे. १९८८ साली लुईस आणि ॲपलबी या दोन ब्रिटिश संशोधकांनी मनोविकारतज्ज्ञांना रुग्णांची लिखित वर्णने पाठवली. ज्या वर्णनात 'पूर्वी व्यक्तिमत्त्व विकाराचे निदान झाले होते' एवढाच उल्लेख होता, त्या रुग्णाला डॉक्टरांनी अधिक त्रासदायक, लक्ष वेधून घेणारा आणि उपचाराला कमी पात्र ठरवले. एका वाक्याने रुग्ण बदलला नव्हता, वाचणारा बदलला होता. आणि हे मनाच्या डॉक्टरांचे झाले. शस्त्रक्रिया विभागातल्या तेवीस वर्षांच्या निवासी डॉक्टरकडून आपण कोणती वेगळी अपेक्षा करणार? 'लक्ष वेधून घेते' हे शब्दशः खरेही असेल. ज्याला भूक लागली आहे तो अन्नाकडे लक्ष वेधतो, ज्याला दम लागला आहे तो खिडकीकडे धावतो. लक्ष कशाकडे वेधायचे आहे हा पुढचा प्रश्न विचारला असता तर तो शेरा निदान ठरला असता. तो न विचारल्यामुळे तो नुसता शिक्का राहिला.

कायदा या बाबतीत आपल्या सवयींच्या पुष्कळ पुढे गेला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम ११५ ने असे गृहीत धरायला सांगितले की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती. उलट सिद्ध झाल्याशिवाय तिला शिक्षा करता येणार नाही. पुढे १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे जुन्या दंडविधानातील कलम ३०९ तिच्यात घेतलेच नाही. लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न एवढाच काय तो गुन्हा उरला. पण माझ्या दृष्टीने कलम ११५ चा दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. अशा व्यक्तीला काळजी, उपचार आणि पुनर्वसन देऊन पुन्हा प्रयत्न होण्याचा धोका कमी करणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे तो सांगतो. कायद्याने टाके घालून थांबायला सांगितलेले नाही. तरीही आई 'काच लागली' म्हणते, कारण तिच्या लेखी पोलीस अजून तेच आहेत. आणि आपण 'काच' लिहून घेतो, कारण त्याने आपलेही काम हलके होते. त्या एका शब्दाने रुग्ण मानसोपचार विभागाच्या वाटेवरून कायमचा बाजूला होतो.

अपघात विभागाचे दार असे. दुसरे दार मनोरुग्णालयाचे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत मिळून साडेपाच हजारांहून अधिक मंजूर खाटा आहेत, आणि त्यांची घडण प्रामुख्याने दीर्घकाळ चालणाऱ्या गंभीर मनोविकारांच्या रुग्णांसाठी झाली आहे. महाविद्यालयात शिकणारी, मधल्या काळात हसणारी-बोलणारी, पण दोन महिन्यांतून एकदा मृत्यूच्या दारात जाऊन परत येणारी मुलगी तिथे पाठवली तर तिचे काय करायचे हे तिथल्या यंत्रणेलाही कळत नाही, आणि 'येरवड्याला नेऊन टाकीन' ही घरातली धमकी खरी झाल्याचे तिला तेवढे कळते. या दोन दारांच्या मध्ये काहीतरी असावे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. सर्वसाधारण रुग्णालयातच मानसोपचार विभाग हवा, ही कल्पना मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९३८ साली प्रत्यक्षात आली. देशात त्याआधी ती फक्त कोलकात्यात, १९३३ मध्ये, उतरली होती. म्हणजे स्टर्नने ज्या वर्षी 'बॉर्डरलाइन' हे नाव दिले, त्याच वर्षी आपल्याकडे मधले दार उघडले होते. गोव्यात तर बांबोळीला वैद्यकीय महाविद्यालय आणि मानसोपचार संस्था जवळजवळ आहेत. अंतर इमारतींत नाही; अपघात विभागाच्या कागदापासून मानसोपचार ओपीडीच्या कागदापर्यंत आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. अशा रुग्णांना फार जवळ केले, दर वेळी दाखल करून घेतले, तर वागणे बळावते, असे अनुभवी परिचारिका सांगतात. 'लाड केले की वाढते' हे त्यांचे शब्द. यातला अर्धा भाग पुराव्यावर टिकतो. दीर्घकाळ वॉर्डात ठेवल्याने या आजाराचे रुग्ण सुधारतातच असे नाही. काहींची अवस्था बिघडते, कारण बाहेरच्या जगाशी झुंजण्याचे जे थोडेफार कसब असते तेही गंजते. मार्शा लिनेहन यांची कहाणी या संदर्भात बोलकी आहे. १९६१ साली, सतराव्या वर्षी, त्यांना अमेरिकेतील हार्टफर्ड येथील इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंगमध्ये दाखल केले गेले. त्या दोन वर्षांहून अधिक काळ तिथे होत्या, त्यातला बराच काळ एकान्त कोठडीत, आणि बाहेर पडल्या त्या बऱ्या होऊन नव्हे. पुढे मानसशास्त्रज्ञ होऊन त्यांनी डायलेक्टिकल बिहेव्हियर थेरपी, म्हणजे डीबीटी, ही उपचारपद्धती घडवली; १९९१ मध्ये तिची पहिली नियंत्रित चाचणी प्रसिद्ध झाली, आणि २०११ साली त्याच संस्थेत उभे राहून त्यांनी आपण तिथल्या रुग्ण होतो हे जाहीर केले. ही पद्धत मुख्यतः बाह्यरुग्णांसाठी आहे: आठवड्याला एक वैयक्तिक बैठक, एक गटवर्ग, आणि संकटाच्या वेळी फोन. खाट तिच्या केंद्रस्थानी नाही.

पण 'लाड' या शब्दात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. दाखल करून घेणे ही एक गोष्ट आणि माणसाशी माणसासारखे बोलणे ही दुसरी. पहिलीचा अतिरेक घातक ठरू शकतो. दुसरीचा अतिरेक झाल्याचे मी तरी पाहिलेले नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेने यातली रेघ नीट आखली आहे. दाखल करण्याआधी घरी राहून संकट निभावण्याचे मार्ग तपासावेत. दाखल करायचेच तर ते कशासाठी आणि किती दिवसांसाठी हे रुग्णाशी बोलून आधी ठरवावे. भरती नाकारणाऱ्या डॉक्टरलाही हे वाचून बरे वाटावे, कारण 'तुला इथे ठेवणार नाही' हे वाक्य 'पण गुरुवारी सकाळी दहाला तू मला भेटणार आहेस' या वाक्याला जोडून आले की त्याचा अर्थच बदलतो. टाकून दिले जाण्याची भीती हा ज्या आजाराचा गाभा आहे, त्याच्या रुग्णाला आपण केसपेपर हातात देऊन दाराबाहेर सोडतो.

त्याच मार्गदर्शिकेने आणखी एक अप्रिय गोष्ट सांगितली: या आजारावर म्हणून, किंवा त्याच्या एकेका लक्षणावर म्हणून, औषधे देऊ नयेत. सोबत नैराश्य किंवा दुसरा आजार असेल तर त्याचे औषध जरूर द्यावे. संकटात शांत करणारे औषध अगदी थोड्या दिवसांपुरते. मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या लॅमोट्रिजिनची ब्रिटनमध्ये २७६ रुग्णांवर चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २०१८ मध्ये आला: गोळी आणि खोटी गोळी यांच्यात फरक दिसला नाही. आपल्याकडच्या चिठ्ठ्या पाहिल्या तर मात्र तीन-चार औषधे, त्यांपैकी एखादे जुन्या डॉक्टरचे आणि कोणीच बंद न केलेले, हे चित्र नवे नाही. मी डॉक्टरांना यासाठी फार दोष देणार नाही. ज्या ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला पाच मिनिटे येतात, तिथे चिठ्ठी लिहिणे हीच काय ती करता येण्याजोगी गोष्ट असते. फक्त त्याला उपचार झाला असे म्हणू नये. शिवाय घरात साठलेल्या गोळ्या या रुग्णासाठी स्वतःच एक धोका असतात. एका वेळी आठवड्याचीच औषधे देणे आणि ती दुसऱ्या कोणाच्या ताब्यात ठेवणे याला एक पैसाही लागत नाही.

पैशाची गोष्ट निघालीच आहे तर विम्याचेही पाहू. २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखेच संरक्षण द्यायला सांगितले, विमा नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये तसे परिपत्रकही काढले. पण आपला आरोग्यविमा मुळात खाटेचा विमा आहे. माणूस दाखल झाला तर पैसे मिळतात; दर आठवड्याला येऊन तासभर बोलून गेला तर बहुतेक पॉलिसींत ते बसत नाही. पुण्या-मुंबईत खासगी मानसोपचाराच्या एका बैठकीला हजार-दीड हजार रुपये सहज लागतात, आणि या आजाराला वर्षभर बैठका लागतात. म्हणजे ज्या खाटेने फारसे साधत नाही तिचे पैसे मिळतात आणि ज्या खुर्चीने साधते तिचे मिळत नाहीत. समानता कायद्यात आली, पण ती चुकीच्या मापाने मोजली गेली.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे 'माणसेच नाहीत'. ते खोटे नाही. भारतात लाख लोकांमागे एकही मनोविकारतज्ज्ञ पुरता नाही; नेहमी दिला जाणारा आकडा ०.७५ आहे, आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ त्याहूनही विरळ. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झाले तेव्हा मानसिक आजारांच्या बहुसंख्य रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत असे दिसले. त्या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता हा भाग वेगळा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक जिल्ह्याला पथक आहे, पण त्यातली रिकामी पदे भरण्याची घाई मी कधी पाहिली नाही. अशा परिस्थितीत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात डीबीटीचे प्रशिक्षित पथक नेमा अशी मागणी करणे म्हणजे काहीच न मागणे होय. फाइल वर जाईल आणि वरच राहील.

मला वेगळी मागणी करायची आहे, आणि तिला आधार आहे. टोरंटोमध्ये शेली मॅकमेन आणि सहकाऱ्यांनी १८० रुग्णांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाला वर्षभर डीबीटी दिली. दुसऱ्याला साधी, पण शिस्तीची मानसोपचार सेवा दिली: ठरलेली भेट, आजाराची समजूत, नात्यांमध्ये काय बिनसते याकडे लक्ष, आवश्यक तेवढीच औषधे. २००९ मध्ये निष्कर्ष आला की दोन्ही गट सुधारले आणि त्यांच्यात ठळक फरक नव्हता. मॅक्लीनचे जॉन गंडरसन यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात याच विचारातून सर्वसामान्य मानसोपचारतज्ज्ञाला जमेल अशी पद्धत मांडली, जिचे मूळ प्रशिक्षण एका दिवसाचे आहे. मला यातून असे दिसते की या रुग्णाला दुर्मीळ तज्ज्ञापेक्षा नियमित माणूस उपयोगी पडतो. तोच माणूस, तोच वार, तीच वेळ, आणि रुग्ण रागावून निघून गेला तरी पुढच्या आठवड्यात तिथेच बसलेला.

'हे टोरंटोला ठीक आहे' असे कोणी म्हणण्याआधी चेन्नईकडे पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेने आत्महत्येचा प्रयत्न करून अपघात विभागात आलेल्या १,८६७ लोकांवर पाच देशांत एक चाचणी केली. केंद्रे होती चेन्नई, कोलंबो, ब्राझीलमधील कॅम्पिनास, इराणमधील करज आणि चीनमधील युन्चेंग. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याशिवाय घरी सोडताना तासाभराचे एक संभाषण मिळाले आणि पुढच्या अठरा महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट: पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आठवड्यात, मग चौथ्या, सहाव्या, बाराव्या, अठराव्या महिन्यात. कसे आहात, मदत हवी आहे का, एवढाच विषय. अठरा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांच्या गटात २.२ टक्के लोक आत्महत्येने गेले होते, संपर्क ठेवलेल्या गटात ०.२ टक्के. हे सगळे लोक बॉर्डरलाइनचे रुग्ण नव्हते, हे मान्य. पण अपघात विभागात टाके घालणाऱ्याला निदान माहीत नसतेच. त्याच्यापुढे प्रयत्न करून आलेला माणूस असतो. ज्या राज्यात २०२२ या एका वर्षात २२,७४६ आत्महत्या नोंदल्या गेल्या, आणि त्या देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त होत्या, त्या राज्याने नऊ फोनांचा हिशेब करून पाहायला काय हरकत आहे?

पाठपुरावा आपल्या यंत्रणेला जमत नाही, असेही मला कोणी सांगू नये. क्षयरोग्याने गोळ्या चुकवल्या तर त्याच्या घरी माणूस जातो. त्याचे नाव निक्षय पोर्टलवर असते, पोषणाचे पैसे खात्यावर येतात. गरोदर बाईची कितवी तपासणी राहिली आहे हे आशाताईंना तोंडपाठ असते. लसीकरणाचे कार्ड हरवले तरी नर्सबाईंच्या वहीत बाळ सापडते. पाठलाग करून बरे करणे हे सार्वजनिक आरोग्याचे आपले सर्वांत चांगले कसब आहे. ते आपण जिवावर बेतलेल्या मनाच्या दुखण्यासाठी वापरलेले नाही, कारण क्षयाचा जंतू दुसऱ्याला लागतो आणि हे दुखणे फक्त त्याचे त्याला लागते, असा हिशेब कुठेतरी मुरला आहे. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि तो चांगला आहे. मात्र तिथे फोन रुग्णाने करायचा असतो. मी म्हणतो तो फोन रुग्णालयाने करायचा आहे.

नातेवाइकांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. अमृतसरला विद्या सागर यांनी १९५० च्या दशकात मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून कुटुंबीयांना रुग्णासोबत ठेवले, आणि रुग्णाजवळ घरचे माणूस असणे हे भारतीय मानसोपचाराचे भूषण ठरले, ते योग्यच. पण या आजारात अनेकदा जखम घरातच झालेली असते. सगळ्यांच्या नव्हे, उत्तम आईबापांची मुलेही या आजाराने ग्रासलेली मी पाहिली आहेत, आणि त्या आईबापांना 'तुम्हीच काहीतरी केले असणार' असे सुनावणे हा वेगळाच अन्याय आहे. तरी 'नातेवाईक कोण आहे?' असे वॉर्डाच्या दारात ओरडून विचारण्याआधी रुग्णाला एकदा हळूच विचारायला हवे की सोबत कोण बसलेले चालेल. कायद्याने त्याची सोय केली आहे: कोणतीही सज्ञान व्यक्ती, साध्या कागदावर सही करून, आपला नामनिर्देशित प्रतिनिधी निवडू शकते. मैत्रीण चालते, मावशी चालते, शेजारच्या काकू चालतात. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत हा कायदा लागू झालेला होता. तसा कागद कोणी रुग्णाकडून मागून घेतल्याचे मला आठवत नाही.

निदान लपवण्याची आपली पद्धतही इथेच तपासली पाहिजे. कित्येक डॉक्टर केसपेपरवर 'डिप्रेशन' लिहितात आणि खरे निदान मनात ठेवतात. हेतू दयेचा असतो. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचे एक कारण आहे, आणि कौटुंबिक न्यायालयात असा कागद सुनेविरुद्ध कसा फडकवला जातो हे पाहिलेला डॉक्टर सावध होणारच. नुसते आजाराचे नाव पुरेसे नाही, त्याची तीव्रता सिद्ध व्हावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच राम नारायण गुप्ता खटल्यात स्पष्ट केले; पण निकाल दिल्लीत लागतो आणि बोलणी बैठकीच्या खोलीत होतात. तरीही लपवण्याची किंमत रुग्ण मोजतो. आपल्याला काय झाले आहे हे न कळल्यामुळे तो स्वतःला वाईट माणूस समजत राहतो, आणि नैराश्याच्या गोळ्यांनी गुण येत नाही म्हणून डॉक्टर बदलत राहतो. नाव सांगावे, सोबत हेही सांगावे की दहा वर्षांत बहुतेकांची लक्षणे ओसरतात. कागदावर काय लिहायचे ते रुग्णाशी बोलून ठरवावे. लपवायचे असेल तर ते जगापासून, रुग्णापासून कशासाठी?

आता कामाचे बोलतो. अपघात विभागातून सुटणाऱ्या जखमी रुग्णाच्या कार्डावर एक तारीख हमखास लिहिलेली असते: टाके काढण्यासाठी अमुक दिवशी सर्जरी ओपीडीत यावे. साधारण सातवा ते दहावा दिवस. मानसोपचार ओपीडीची चिठ्ठी घेतलेले पुष्कळ रुग्ण तिकडे फिरकत नाहीत, कारण त्या खिडकीसमोर रांगेत उभे राहिलेले कोणी ओळखीचे पाहील ही भीती असते. टाके काढायला मात्र ते येतात. टाके खाजतात, लपवता येत नाहीत, आणि सर्जरीच्या रांगेत उभे राहण्यात कोणाला लाज वाटत नाही. प्रयत्नानंतरचा हा पहिला आठवडा जोखमीचा असतो, आणि याच आठवड्याच्या शेवटी रुग्ण स्वतःच्या पायांनी आपल्या इमारतीत येतो. त्या दिवशी ड्रेसिंग रूमच्या शेजारच्या खोलीत एका माणसाने बसावे. तो मनोविकारतज्ज्ञ नसला तरी चालेल. समाजसेवा अधीक्षक, प्रशिक्षित परिचारिका, कोणीही, पण दर आठवड्याला तोच. त्याच्याकडे एक वही असावी, वहीत फोन क्रमांक असावेत, आणि त्यातल्या न आलेल्यांना दुपारी फोन करणे हे त्याच्या कामात मोजले जावे. ज्यांनी विष घेतले त्यांना टाके नसतात, म्हणून त्यांना तारीखही नसते. त्यांची नावे वहीत सगळ्यांत वर असावीत. एवढ्याला नवे पद लागत नाही, अधिष्ठात्यांचा एक लेखी आदेश लागतो.

माझ्या वेळी तसा आदेश नव्हता. पण कार्डावर टाक्यांच्या तारखेखाली आणखी एक ओळ मावेल एवढी जागा तेव्हाही असायची, आणि ती तरुणी तिसऱ्या वेळी घरी गेली तेव्हा तिच्या कार्डावर ती कोरीच होती. कार्ड मीच तिच्या आईच्या हातात दिले होते.